आईच्या दिव्याचे चार स्क्रू

मिकेला, काल तू मला कब्रस्तानातल्या नळापाशी बसलेलं बघितलंस आणि तुला वाटलं मला चक्कर आली. चक्कर नव्हती गं. थांब, रोक्कोला बसू दे आधी, कारण हे मला दोनदा सांगता येणार नाही. एकदाच सांगते, सगळं, आणि मध्ये कुणी कॉफी पाहिजे का म्हणून विचारू नका, मी एकदा थांबले की संपलं.

तर आईचा दिवा. तुम्ही दोघांनी बघितलाय तो. जुन्या भिंतीत, खालून तिसऱ्या ओळीत आईची शवपेटी ठेवलेला कोनाडा, त्यावर संगमरवरी पाटी, पाटीवर तिचा तो फोटो ज्यात ती वाऱ्याने डोळे बारीक करून हसतेय, आणि फोटोच्या शेजारी पितळी दिवा. बाकी सगळ्यांचे दिवे दुकानातले, एकसारखे, ज्योतीच्या आकाराचे, आता प्लॅस्टिकचे. आईचा मात्र बाबाने स्वतः बनवलेला. म्हणजे पहिला तिचा पण दुकानातलाच, तेव्हाचा पितळी होता, पण आई गेली त्याच्या पुढच्याच वर्षी चोर आले आणि अख्ख्या भिंतीवरचं पितळ उतरवून घेऊन गेले. दिवे, फुलदाण्या, नावांची अक्षरंसुद्धा. आईच्या नावातली सहा अक्षरं गेली. मी बारा वर्षांची होते. बाबा त्या पाटीसमोर उभा राहून रिकाम्या जागा बोटाने चाचपत होता, दात पडल्यावर आपण जिभेने हिरडी चाचपतो ना, तसं.

मग काय, दोन महिने गोदीतून उशिरा यायचा, हाताला तेलाचा वास, आणि एका रविवारी तो दिवा घेऊन आला. जाड पितळ, जहाजाच्या जुन्या कंदिलाची काच, आणि चार स्क्रू. सगळं त्या चार स्क्रूंवर आहे, म्हणून नीट ऐका.

आता बाबा तारांतोच्या गोदीत टर्नर, तीस वर्षं लेथवर, त्याला स्क्रू विकत आणायची गरजच काय. त्याने स्वतः बनवले. साधा स्क्रू कसा असतो, डोक्यावर सरळ खाच असते, नाहीतर फुली, नाहीतर चांदणी. यांच्यात यातलं काहीच नाही. तिकोनी खड्डा, पण कोपरे गोल केलेले, आणि आत एक बारीक दांडा उभा. तोही बरोबर मधोमध नाही, जरासा बाजूला. आणि प्रत्येक स्क्रू पेरभर खोल भोकात बसवलेला, म्हणजे पक्कड लावायची म्हटली तरी कुठे लावणार. बारमध्ये सगळ्यांना सांगायचा, आता नेऊन दाखवा म्हणावं. त्यानंतर दोनदा चोर आले, भिंत दोनदा भुंडी झाली, आईचा दिवा जागचा हलला नाही. बाबाला तेव्हा किती मजा आली होती, पोलिसांपेक्षा जास्त तोच चौकशी करत फिरत होता, कुणी प्रयत्न केल्याच्या खुणा आहेत का म्हणून.

बल्ब जायचा अधूनमधून, वर्षातून एकदा कधीतरी. बदलायचा असला की तो मला पाण्याला पाठवायचा. तोंडाने सांगायचा पण नाही, हवेत नुसती बोटं फिरवायचा, नळ फिरवल्यासारखी, की मी फुलदाणी घेऊन पळायचे. नळ तुम्हाला माहितीये कुठे आहे, सरूच्या रांगेच्या पार टोकाला, जाऊन येऊन दहा मिनिटं. मी परत येईपर्यंत दिवा लागलेला असायचा आणि बाबा रुमालाला हात पुसत असायचा. इतक्या वर्षांत एकदासुद्धा मी त्याला तो दिवा उघडताना बघितलं नाही. मला वाटायचं त्याला आईशी एकट्याने बोलायचं असतं. म्हणून मी मुद्दाम सावकाश चालायचे. मी त्याच्यावर मेहेरबानी करत होते, कळतंय ना.

मग जानेवारी. ते तुम्हाला सगळं माहितीये, झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, तीन आठवडे हॉस्पिटल. पण एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती, कारण तेव्हा ती सांगण्यासारखी वाटलीच नाही. त्या तीन आठवड्यांत तो एकच खूण करायचा. डावा हात तेवढा चालायचा त्याचा. त्या हाताने छातीवर थोपटायचा, दोनदा, आणि मग बोटं फिरवायचा. थोपटायचा, फिरवायचा. दिवसातून पन्नास वेळा. मला पहिल्यांदा वाटलं छातीत दुखतंय. नर्सला बोलावलं, तिने डॉक्टरांना बोलावलं, त्याच्या छातीवर वायरी लावल्या, कागद निघाला, काही नाही, हृदय ठणठणीत. तो वायरी लावलेल्या अवस्थेत पण थोपटत होता. नर्स म्हणाली, अस्वस्थ आहेत, असं होतं.

आणि मग मला ती बोटं ओळखू आली. मला काय आनंद झाला, रोक्को, मी खुर्चीतून उठलेच. नळ. पाणी. तो पाणी मागत होता आणि मी मूर्खासारखी त्याचं हृदय तपासत बसले होते. त्याला साधं पाणी गिळता यायचं नाही, पाण्यात पावडर घालून ते पेजेसारखं घट्ट करायचं आणि चमच्याने द्यायचं. मी केलं ते, चमचा पुढे धरला. तो माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ. मग त्याने तोंड उघडलं.

एवढंच नाही, त्या दिवशी वीतोचा बोलोन्याहून फोन आला, तर मी त्याला हसत हसत सांगितलं, बाबाला नळसुद्धा उलटा आठवतोय रे, उघडायच्या ऐवजी बंद करतोय. कारण मी बघितलं होतं ना, बोटं उजवीकडे फिरत होती, घड्याळाच्या काट्यांसारखी. वीतो पण हसला. म्हणाला, जन्मभर लेथ चालवला आणि आता नळ जमेना. माझा भाऊ वाईट नाहीये, तुम्हाला माहितीये. दोघंही घाबरलेलो होतो आणि हसायला काहीतरी पाहिजे होतं.

फेब्रुवारीत बाबा गेला. त्याला घरी आणला, तयार केला, लग्नातला काळा कोट घातला. तेव्हा मेना आत्या म्हणाली, याच्या किल्ल्या कुठायत. कारण बाबा घरातून निघताना काय करायचा, छातीवरचा खिसा थोपटायचा, किल्ल्या आहेत ना बघायला, त्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. रोक्को, तू तर नक्कल करायचास त्याची. आत्या म्हणाली, किल्ल्यांशिवाय पाठवलास तर हा वरच्या दारात उभा राहून खिसा चाचपत बसेल, आत जाणार नाही. सगळे रडता रडता हसले, मीही हसले, आणि मीच हॉस्पिटलच्या पिशवीतून तो जुडगा काढला आणि कोटाच्या खिशात ठेवला. वरून थोपटला सुद्धा. मग माझ्यासमोर शवपेटीला जस्ताचं झाकण लावलं, कडेने झाळून बंद केलं, आणि नवीन भागात, पार दुसऱ्या टोकाला जी भिंत बांधलीये तिथे त्याला ठेवला. आईच्या भिंतीत जागाच नव्हती. आई एकीकडे, तो एकीकडे.

आता ऑक्टोबर. पंधरा तारखेला वगैरे मी शेवंती घेऊन गेले तर आईचा दिवा बंद. पालिकेचा माणूस आला, छोटी शिडी लावून बघितलं, म्हणाला, तारेत वीज आहे, बल्ब गेलाय, पण हे मला उघडता येणार नाही, हे कुणी केलंय. मी म्हटलं, माझ्या बाबाने. तो म्हणाला, मग बाबाला बोलवा. त्याला माहीत नव्हतं. तो शिडी उचलून गेला आणि मी हातात जुनी फुलं धरून तिथेच.

मेना आत्याला सांगितलं ती चूक झाली. ती गहू निवडत होती, मेलेल्यांच्या दिवसासाठी, आणि गव्हात हात तसाच ठेवून माझ्याकडे बघायला लागली. तुम्हाला वाटेल ती म्हातारी झाली म्हणून असं बोलते, पण तिने जे म्हटलं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणाली, "एक तारखेच्या रात्री सगळे आपापल्या दिव्याच्या उजेडात घरी येतात. तुझ्या आईला भर दुपारी जिन्याची पायरी दिसायची नाही. ती अंधारात बसून राहणार, आणि तुझा बाप हे पहिलंच वर्ष, तो तिला शोधत सगळ्या भिंती पालथ्या घालणार." आणि परत गहू निवडायला लागली, जणू काही हवामान सांगितलं.

मी असं काही मानत नाही. तुम्हाला माहितीये मी मानत नाही. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. एक तारखेच्या आत दिवा लागला पाहिजे. बस.

रोक्को, तुझी ती मोबाईल उघडायची पेटी मी मागून नेली, आठवतं, कशाला ते सांगितलं नव्हतं. त्याच्यासाठी. त्यातली सगळी बिटं, स्क्रू ड्रायव्हरची ती सुटी टोकं, लावून बघितली, एकही नाही. मग मी एकशे दहा बिटांचा संच मागवला. मला माहीतच नव्हतं जगात चोरांना कंटाळलेली इतकी माणसं आहेत. मधे भोक असलेली चांदणी, सापाच्या डोळ्यांसारखी दोन भोकं, तीन पाकळ्या, पाच पाकळ्या, एकाच बाजूने फिरणारी. शिडीवर बसून एकशे दहा बिटं, एकेक, एका दुपारी. खाली शेजारच्या कोनाड्यातल्या आजोबांची सून फुलं बदलायला आली होती, ती म्हणाली, काय गं, तुझी आई आत आहे की तिजोरी. मी हसले. मग ती गेल्यावर रडले, मग परत एकोणसत्तराव्या बिटापासून सुरू केलं.

मॉलमधल्या त्या मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या पोराने फोटो बघितला आणि म्हणाला असा स्क्रू नसतो. मी म्हटलं, आहे, मी बघितलाय. तो म्हणाला, कंपनी कुठली. सायकलवाल्याकडे गेले, त्याच्याकडे चाकांच्या कुलुपांचे पाने असतात. गाड्यांच्या टायरवाल्याकडे गेले. आमच्या घरातल्या बाबाच्या पेट्या उपसल्या, खोपटातल्या सगळ्या, डबे, बरण्या, खिळ्यांचे जॅमचे डबे. सगळं होतं, ते नव्हतं. आणि मला रागच यायला लागला त्याचा. एवढा हुशार माणूस, आणि कुठे लिहून ठेवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही.

मग मेना आत्याच म्हणाली, एजिदिओकडे जा. मासळी बाजाराच्या मागचं ते दुकान, अंधारं, तुम्ही कधी आत गेला नसाल. एजिदिओकाका बाबाचे गोदीतले मित्र, नंतर त्यांनी दुकान टाकलं. त्यांना शिडीवर चढवणं शक्य नव्हतं, गुडघे गेलेत, म्हणून मी काय केलं, थडग्यावरच्या मेणबत्तीचं मेण कोमट करून स्क्रूच्या खड्ड्यात दाबलं, गार झाल्यावर हळूच काढलं, आणि काड्यापेटीत ठेवून घेऊन गेले. त्यांनी ते मेण दिव्याखाली धरलं, भिंग लावलं, आणि हसले. दात नाहीत पुढचे, पण हसले.

"हे विकत मिळत नाही, पोरी. हे एका डोक्यातून आलंय आणि ते डोकं माझ्या ओळखीचं आहे."

मी म्हटलं, माहितीये काका, पण याचं बिट पाहिजे.

"बिट त्याने एकच केलं. माझ्या समोर तापवून पाणी दिलं त्याला, कडक व्हायला. किल्ल्यांच्या जुडग्यात लावलेलं असायचं, बोटाएवढा काळा तुकडा. या इथे काउंटरवर आपटायचा तो जुडगा. काढ की त्यातून."

तो काळा तुकडा मला माहीत होता. मला वाटायचं गोदीची काहीतरी आठवण असेल.

"किल्ल्या कुठायत?" ते म्हणाले.

"खिशात आहेत."

"कुणाच्या?"

"त्याच्या."

काकांनी भिंग खाली ठेवलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला एक शब्द बोलले नाहीत त्याबद्दल, आणि मी जन्मभर त्यांची आभारी राहीन. फक्त म्हणाले, ते मेण इथे ठेव, उन्हात नेऊ नकोस, चार दिवसांनी ये.

चार दिवस ते माणूस कानस घेऊन बसलं होतं. ऐंशी वर्षांचं. मी दुकानासमोरून जायचे तर आतून खर्र खर्र ऐकू यायचं. एकतीस तारखेला संध्याकाळी त्यांनी मला दोन बिटं दिली, कागदात गुंडाळून. दोन कशाला विचारलं तर म्हणाले, गोदीत आम्ही असंच करायचो, एक मोडायला आणि एक वापरायला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, दिवा लागला की मला फक्त सांग, किती खोलवर बसवलेत त्याने, मला कधी दाखवलं नाही गाढवाने.

आता काल. वीतो सकाळच्या गाडीने आला होता, आणि त्याच्या बॅगेत ड्रिल होतं. त्याचं म्हणणं आधीपासून तेच. स्क्रू ड्रिलने उडवू, नवीन दिवा बसवू, पाच मिनिटांचं काम, तू पंधरा दिवस स्वतःला कशाला छळतेयस. आणि तो काही चुकीचं बोलत नव्हता, तेच तर आहे. मी त्याला कसं सांगू. बाबाची स्कूटर बंद पडली, विकली. घड्याळ थांबलं. खोपटाचं कुलूप आपण तोडलं, कारण किल्ल्या नव्हत्या. त्याच्या हातची जगात एकच गोष्ट उरली होती जी अजून तिचं काम करत होती, आणि ते चार स्क्रू होते. आम्हालाच आत येऊ देत नव्हते, पण काम करत होते. मी म्हटलं, मला चारपर्यंत वेळ दे. पाचला फाटक बंद होतं. तो म्हणाला, बरं.

तुम्ही बघितलंत काल किती गर्दी होती. शेवंतीच शेवंती, चालायला जागा नाही. मी बाबाचं ते निळं कामाचं जॅकेट घातलं होतं, कारण शिडीवर चढायचं होतं. वीतोने शिडी धरली. मी पहिलं बिट भोकात घातलं, आणि मिकेला, ते बसलं. असं बसलं, जसं काही ते तिथलंच आहे. तो बाजूचा दांडा बिटाच्या भोकात गेला आणि बारीक आवाज आला. मला वाटलं झालं. मी डावीकडे फिरवलं, आपण कुठलाही स्क्रू उघडतो तसं. हललं नाही. जोर लावला. हललं नाही. खाली उतरले, वीतो चढला, त्याने पाना लावून जोर दिला, आणि टिक्. बिटाचा एक कोपरा उडाला.

तो वरूनच म्हणाला, गंजलेत.

मी म्हटलं, बाबाचा स्क्रू गंजत नाही.

तो उतरला आणि ड्रिलची पिशवी उघडायला लागला. चारला दहा कमी होते. लोक बघत होते. मी म्हटलं, माझ्याकडे दुसरं आहे. तो म्हणाला, दोना, तेही मोडेल. रागाने नाही म्हणाला. आजारी माणसाशी बोलतात तसं म्हणाला, आणि त्यामुळे मी परत शिडीवर चढले. उजवा हात दुखत होता जोर लावून, त्या हाताने मी दिवा धरला, आणि डाव्या हाताने दुसरं बिट शोधायला खिसा चाचपला. छातीवरचा खिसा. दोनदा थोपटला, आहे ना बघायला. मग बिट काढलं, शेजारच्या भोकात घातलं आणि बोटं फिरवायला पुढे केली.

आणि हात तिथेच राहिला.

छातीवर थोपटायचं, दोनदा. मग बोटं फिरवायची. डाव्या हाताने.

वीतो खालून विचारत होता काय झालं, आणि मला हॉस्पिटलमधली ती चादर दिसत होती आणि त्यावरची ती बोटं. ती कुठे फिरत होती ते दिसत होतं. उजवीकडे. घड्याळाच्या काट्यांसारखी. बंद करायच्या बाजूला.

मी उजवीकडे फिरवलं. वीतो ओरडला, अगं घट्ट करतेयस तू. आणि स्क्रू फिरला. काही जोर लागला नाही, दोन बोटांनी, लोण्यासारखा. उलटे आटे. त्याने आटेच उलटे पाडले होते, म्हणजे कुणी बिट मिळवलं तरी उघडायला जाईल आणि स्क्रू अजूनच आवळेल. आम्ही मगाशी तेच केलं होतं, दोघांनी मिळून, सगळा जोर लावून आवळला होता. तो आवळलेला एक जरा कुरकुरला, बाकीचे तीन आपणहून हातात आले. आणि तो त्या पलंगावर पडून, अर्धं अंग गेलेलं, तीन आठवडे मला हेच सांगत होता. किल्ल्या घे. खिशात आहेत. आणि लक्षात ठेव, उलटं फिरव. पन्नास वेळा दिवसातून. आणि मी त्या किल्ल्या त्याच्याच खिशात घालून वरून झाळून घेतलं.

काच काढली तर आत, बल्बच्या मागे, एक नवीन बल्ब ठेवलेला. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदात गुंडाळून. पुढच्या वेळेसाठी. मी सोबत आणलेला बल्ब तसाच खिशात राहिला, त्याचाच लावला. लागला. लगेच लागला, जरासा पिवळा, आणि आईच्या फोटोवर उजेड पडला.

मी खाली बघितलं तर वीतोने ड्रिल पिशवीत घातलं होतं आणि पिशवी पोटाशी धरून तो दिव्याकडे बघत उभा होता. मी त्याला बोटांनी करून दाखवलं, थोपटलं, फिरवलं. त्याला कळायला एवढासाही वेळ लागला नाही. तो म्हणाला, "आपण हसलो होतो, दोना. फोनवर."

मी म्हटलं, हो.

मग मी चारही स्क्रू परत लावले, डावीकडे फिरवून, आणि आता काय करायचं ते मला कळेना, तर मी फुलदाणी उचलली आणि पाणी आणायला गेले. सवयीने. दिवा लागला की पाणी. सरूच्या टोकापर्यंत गेले, आणि मुद्दाम सावकाश चालत गेले, ते मला नळापाशी पोचल्यावर लक्षात आलं. नळ उघडला. डावीकडे, सगळे नळ उघडतात तसा. आणि मला तो कप आठवला, ते घट्ट पाणी. म्हणून मी तिथे बसले होते, मिकेला, आणि पाणी वाहून जात होतं, आणि तू लांबून हाक मारलीस ते मला ऐकू आलं होतं.

त्याला तहान नव्हतीच. तो पाणी मागतच नव्हता. एकेक चमचा गिळायला त्याला किती त्रास व्हायचा, मान ताणायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. मी चमचे मोजत होते, नर्सने सांगितलं होतं मोजायला. अठरा झाले त्या दिवशी, अख्खा कप. दर चमच्यानंतर तो माझ्याकडे बघायचा. आणि मी म्हणायचे, शाब्बास बाबा, अजून एक.

आणि तो तोंड उघडायचा.